सुटलेली दहावी आणि सरकारी तिजोरी

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. कुठल्याशा गावात आई आणि मुलगा एकाच वेळी दहावी उत्तीर्ण झालेले असतात. फोटोत मुलगा आईला पेढा भरवत असतो. आईला मुलापेक्षा दोन-चार टक्के जास्त पडले असतील, तर मथळा आणखी ठळक होतो. आपण ती बातमी वाचतो, बरे वाटते, आणि पान उलटतो. त्या माउलीची जिद्द बातमीत असते, सासरच्या माणसांचा पाठिंबा असतो, पहाटे चारला उठून केलेला अभ्यासही असतो. नसते ते एवढेच, की या सगळ्याचा खर्च कोणी केला.

प्रश्न रुक्ष वाटेल, पण शिक्षणाच्या बाबतीत समाज कोणाला आपला मानतो, हे कळायचे असेल तर पैसा कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो ते पाहावे लागते. सहा वर्षांच्या मुलासाठी सरकार शाळा बांधते, शिक्षकाला पगार देते, पुस्तके देते, दुपारी खिचडी देते. तेच मूल आठवीत किंवा नववीत शाळा सोडून कामाला लागले आणि पंचविसाव्या वर्षी परत येऊन म्हणाले, की मला माझी दहावी पुरी करायची आहे, तर त्याच्या वाट्याला काय येते?

जुना हिशेब

प्रौढांच्या शिक्षणाचा विचार महाराष्ट्रात काल-परवा सुरू झालेला नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. पण जोतीरावांचे या विषयातले मोठे काम मला त्यांच्या १८८२ च्या निवेदनात दिसते. हंटर आयोगापुढे ठेवलेल्या या निवेदनात त्यांनी सरकारी शिक्षणखर्चाचा हिशेबच मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. शिक्षण म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, ज्याच्या घामाचा पैसा त्याचा त्यावर पहिला हक्क, असा त्या मांडणीचा अर्थ होतो. आजच्या प्रश्नालाही तीच कसोटी लावता येते. दिवसभर राबणारा पंचवीस वर्षांचा माणूस साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर भरतच असतो.

पुढे मुंबईत प्रार्थना समाजाने आणि १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ मध्ये मुंबईत साक्षरतेची मोहीम उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ पासून सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि राज्यभर गेली. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत संपूर्ण साक्षरतेचे वर्ग भरले.

या इतिहासात एक गोष्ट सतत दिसते. सरकारी पैसा आणि उत्साह आला तो मुख्यतः अक्षरओळखीसाठी. सही करता आली, एसटीची पाटी वाचता आली, की मोहीम फत्ते. त्यापुढचा रस्ता ज्याचा त्याने काढायचा. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, आणि नोकरी करतच सातवीची परीक्षा देऊन शिक्षक झाले. मराठी कवितेचे ते भाग्य. पण तो रस्ता त्यांनी स्वतःच्या बळावर कापला, आणि त्या काळी सातवी पास होणाऱ्याला शिक्षकाची नोकरी मिळू शकत होती. आता तो उंबरठा खूप वर गेला आहे.

दहावीच का?

अनेकांना वाटते, की या वयात दहावी करून काय मिळणार? उत्तर रोजच्या व्यवहारात आहे. टपाल खात्यात ग्रामीण डाकसेवक व्हायचे तर दहावी लागते. आखाती देशात मजुरीला जायचे, आणि दहावी नसेल, तर पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीचा शेरा बसतो आणि मंजुरीची एक जास्तीची पायरी चढावी लागते. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांना तो शेरा चांगला ठाऊक आहे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागायचे तर महाराष्ट्रात आता बारावी मागतात. बाईने अंगणवाडीच्या कामात उमेद घालवली, तरी अट पुरी होत नाही.

अशा माणसांची संख्या थोडी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ४१ टक्केच स्त्रियांनी शाळेत दहा किंवा त्याहून अधिक वर्षे काढली होती. पुरुषांत हे प्रमाण ५०.२ टक्के होते. म्हणजे ऐन कमावत्या वयातले निम्मे पुरुष आणि निम्म्याहून बऱ्याच जास्त स्त्रिया दहावीच्या अलीकडे थांबल्या. यातले बहुतेक साक्षर आहेत. त्यांना पाटी-पेन्सिल नको आहे. त्यांना नववी-दहावीचे गणित आणि इंग्रजी हवे आहे.

कायद्याची रेघ

इथे राज्यघटनेची एक रेघ आडवी येते. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, पण चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच. त्यापुढचा हक्क राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहील, असे निकालात स्पष्ट झाले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा ही वयोमर्यादा घटनेतच घातली आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तिला तपशील दिला. त्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. उशिरा शाळेत आलेल्या मुलाला चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पुरे करता येते. सुरू केलेले शिक्षण वयामुळे तुटू नये, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. फक्त ते आठवीच्या दारात थांबते.

रेघेच्या पलीकडे जे मिळते ती सवलत. सवलत आणि हक्क यांतला फरक जुन्या पिढीला सांगायला नको. नादारीसाठी मामलेदार कचेरीत खेटे घातलेले आणि ईबीसीचा फॉर्म भरण्यासाठी उत्पन्नाचा दाखला मिळवलेले लोक अजून आपल्यात आहेत. सवलत मागावी लागते, आणि देणाऱ्याची इच्छा बदलली की ती जाते.

तीन वाटा

महाराष्ट्रात सुटलेली दहावी पुरी करायला आज मुख्यतः तीन वाटा आहेत. प्रत्येक वाटेवर सरकारी पैसा वेगळ्या ठिकाणी थांबतो.

पहिली वाट १७ नंबरच्या फॉर्मची. कोणत्याही शाळेत न बसता राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या द्यायची. इथे सरकार परीक्षा घेते, शिकवत नाही. नावनोंदणीचे शुल्क, परीक्षेचे शुल्क आणि उशीर झाला तर विलंब शुल्क विद्यार्थ्यानेच भरायचे. शिकवणी लावायची तर तीही त्यानेच. शाळा सोडल्याचा दाखला मात्र लागतो, आणि वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गावच्या शाळेतून तो आणण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी.

दुसरी वाट मुक्त विद्यालयाची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. तिच्या पद्धतीत शहाणपण आहे. नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येते आणि सुटलेल्या विषयाचे गुण जमा राहतात. संसार सांभाळून शिकणाऱ्या बाईसाठी यापेक्षा सोयीची रचना सापडणे कठीण. राज्यानेही अलीकडे आपले मुक्त विद्यालय मंडळ काढले असून तिथे पाचवी, आठवी आणि दहावीची सोय आहे. पण इथेही शुल्क शिकणाऱ्याचेच. स्त्रियांना आणि मागासवर्गीयांना त्यात सूट मिळते, शिकवायला मात्र रोज समोर कोणी नसते.

तिसरी वाट रात्रशाळेची. या तिघींत खरोखर शिकवणारी हीच. शिक्षकांच्या पगाराचा भार अनुदानातून शासन उचलते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, दिवसशाळेची मुले गेल्यावर, त्याच बाकांवर हॉटेलातला पोऱ्या, कुरिअरवाला, धुणीभांडी करणारी मुलगी आणि दोन मुलांची आई येऊन बसतात. इमारत बहुधा दुसऱ्याची असते, त्यामुळे प्रयोगशाळेला आणि ग्रंथालयाला अनेक ठिकाणी कुलूप असते. मोफत पुस्तके आणि पोषण आहार आठवीपर्यंतच. कामावरून थेट आलेल्या मुलाच्या पोटात काही नसते, आणि तिथे बिस्किटे-केळी पुरवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना ही गोष्ट सरकारच्या आधी कळली.

रात्रशाळेच्या अनुदानात एक मूलभूत अडचण आहे. मंजूर शिक्षकांची संख्या पटावर ठरते. मुलांच्या शाळेत हे ठीक, कारण मूल रोज येते. प्रौढ विद्यार्थी तसा येत नाही. शिफ्ट बदलली की महिनाभर गैरहजर, गावी लावणी आली की दोन महिने गायब, बाळंतपणात वर्ष गेले. पट घसरला की शिक्षकाचे पद जाते, पद गेले की गणित शिकवायला कोणी उरत नाही, आणि गणित नाही म्हटल्यावर उरलेलेही यायचे थांबतात. मे २०१७ मध्ये शासनाने दिवसशाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांची रात्रशाळेतली दुसरी नोकरी बंद केली. एका माणसाला दोन नोकऱ्या कशाला, हा मुद्दा चुकीचा नव्हता. पण अनुभवी शिक्षक एका आदेशासरशी निघून गेले आणि वर्गातल्या विद्यार्थ्याला कोणी विचारले नाही. शिक्षक संघटनांनी जोरदार विरोध केला. विद्यार्थ्यांची संघटना नव्हती.

दोनशे सात रुपये

मग प्रौढांसाठी सरकारची म्हणून जी योजना आहे ती काय करते? २०१८ च्या मार्चअखेर 'साक्षर भारत' संपले. मध्ये थोडा काळ 'पढना लिखना अभियान' चालले. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम आला, ज्याला आता 'उल्लास' म्हणतात. तो पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी आहे. पाच वर्षांसाठी तरतूद १०३७.९० कोटी रुपयांची. त्यात केंद्राचे ७०० कोटी, बाकी राज्यांचे. पायाभूत साक्षरतेचे लक्ष्य पाच कोटी माणसांचे. भागाकार केला तर माणशी सुमारे दोनशे सात रुपये येतात, तेही पाच वर्षांत मिळून. शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नाही.

योजनेच्या पाच घटकांत 'मूलभूत शिक्षण' नावाचा एक घटक आहे, आणि त्यात माध्यमिक स्तरापर्यंतच्या समकक्ष शिक्षणाचा उल्लेखही आहे. म्हणजे दहावी कागदावर आहे. पण दोनशे सात रुपयांत अक्षरओळख, गणन, जीवनकौशल्ये आणि व्यवसायकौशल्ये आटोपून दहावीच्या बीजगणितापर्यंत कसे पोचायचे, हे कोणीही घरखर्च चालवणारी बाई विचारील.

हे आपल्याला झेपणारे नाही, असे लगेच कोणी म्हणेल. केरळ हे आपल्यासारखेच राज्य आहे. साक्षरतेची मोहीम फत्ते झाल्यावर तिथल्या साक्षरता मिशनने चौथी, सातवी, दहावी आणि उच्च माध्यमिक अशी समकक्ष परीक्षांची शिडी उभी केली. ज्या दिवशी कामाला सुट्टी, त्या दिवशी वर्ग. अक्षरओळखीपाशी न थांबता पुढची पायरी दाखवणे, एवढाच त्यातला फरक, पण तो मोठा आहे.

दूरच्या स्वीडनने १९६८ मध्ये नगरपालिकांमार्फत प्रौढांसाठी शालेय शिक्षणाची व्यवस्था केली. १९७५ पासून तिथे कामगाराला शिकण्यासाठी मालकाकडून रजा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि शिकत असताना घर चालावे म्हणून सरकारी अर्थसाहाय्यही मिळते. स्वीडनची श्रीमंती आपल्याकडे नाही, पण त्यांनी खर्चाचे जे विश्लेषण केले ते फुकट घेता येईल. प्रौढाच्या शिक्षणाला तीन खर्च असतात: परीक्षेचा, शिकवण्याचा आणि वेळेचा. आपल्याकडे पहिल्यात थोडी सूट मिळते, दुसरा रात्रशाळेपुरता उचलला जातो, आणि तिसऱ्याचे नाव कोणत्याही शासन निर्णयात नाही. खरे तर शाळा सुटते ती मुख्यतः या तिसऱ्यापायी.

म्हणून मागणी फार मोठी करण्याची गरज नाही. दहावी पुरी होईपर्यंत परीक्षाशुल्क आणि पुस्तके वयाची अट न घालता मोफत असावीत. रात्रशाळेचे अनुदान रोजच्या पटाऐवजी वर्षभरात नोंदलेल्या आणि सुटलेल्या विषयांवर मोजावे. मुक्त विद्यालयाची एकेक विषय सोडवण्याची सोय रात्रशाळेच्या विद्यार्थ्यालाही मिळावी. परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा निदान सरकारी कंत्राटांवरच्या कामगारांना द्यावी, कारण तिथे मालक सरकारच असते. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही.

पुढच्या निकालालाही मायलेकरांची बातमी येईलच. त्या फोटोतल्या मुलाने आठवीपर्यंतची पुस्तके शाळेतून फुकट घेतली असतील. आईने अभ्यास केला असेल तो बहुधा त्याच्याच दहावीच्या पुस्तकांवर, तो झोपल्यानंतर.