तिसगाव ते रतनवाडी: प्रवरेच्या उलट्या वाटेने

पाथर्डी तालुक्यातले तिसगाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे आणि अकोले तालुक्यातले भंडारदरा वायव्येच्या टोकाला. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. तिसगावच्या बाजूला वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर साल बरे गेले असे म्हणतात. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला तोच पाऊस हजारांत मोजावा लागतो. सह्याद्रीची धार ढग अडवते, पाणी तिथेच सांडते आणि पूर्वेकडच्या गावांच्या वाट्याला उरलेसुरले येते. उन्हाळ्यात तिसगावहून निघून या धारेपर्यंत सावकाश गाडी चालवत जाणे म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या कोरड्या टोकाकडून ओल्या टोकाकडे केलेला प्रवास आहे. दोघांनीच करावा असा तो आहे. घाई नसलेल्या नवरा-बायकोला तर फारच मानवतो.

शेतीवर जगणाऱ्या घरात अशा प्रवासाला मुहूर्त एकच असतो. अक्षय तृतीया होऊन गेलेली असते, रब्बीचे धान्य घरात आलेले असते, नांगरट उरकलेली असते आणि मृगाला अजून अवकाश असतो. लग्नसराईतून सवड काढून मेच्या अखेरीचे चार दिवस मिळाले तर पुरे. याच दिवसांत अकोल्याच्या डोंगरात करवंदे-जांभळे पिकतात आणि काजवेही याच सुमारास चमकू लागतात. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघून दुपारी पोचता येते, आणि बहुतेक जण तसेच करतात. त्यात वाट मात्र हातची जाते. या प्रवासाचा खरा अर्थ वाटेतच आहे, कारण कोल्हारपासून पुढचा जवळजवळ सगळा रस्ता प्रवरा नदीच्या सोबतीने, तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेने वर जातो.

तिसगाव कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर आहे. पश्चिमेला निघाले की देवराई, करंजी आणि मग करंजी घाट. हा घाट गर्भगिरीच्या रांगेतला. मढीचे कानिफनाथ आणि वृद्धेश्वर ही नाथपंथाची ठाणी याच डोंगरांच्या कुशीत आहेत. मेमध्ये घाटाच्या दोन्ही अंगांना पिवळे वाळलेले गवत आणि काळा कातळ एवढेच दिसते. हे रंग लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांची आठवण होते. चाळीसेक किलोमीटरवर नगर. तिथून मनमाड रस्त्याने राहुरी, जिथे १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, आणि पुढे कोल्हार. कोल्हारच्या पुलावर प्रवरा पहिल्यांदा भेटते. मेमध्ये तिचे पात्र बरेचदा कोरडे असते, पण दोन्ही काठांवर ऊस हिरवागार उभा असतो.

नदीत पाणी नाही आणि शेतात ऊस आहे, याचे उत्तर शंभर किलोमीटर वर आहे. भंडारदरा धरणाचे पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या तालुक्यांत फिरते. या पाण्यावर ऊस आला आणि उसामागोमाग कारखाना. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून उभा केलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना मानला जातो. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते आणि १९५० च्या अखेरीस पहिले गाळप झाले. दुष्काळी टापूतून आलेल्या माणसाला हा हिरवा पट्टा पाहून हेवा वाटतो, आणि तो स्वाभाविक आहे.

लोणीहून संगमनेर. इथे प्रवरेला म्हाळुंगी मिळते. पुणे-नाशिक महामार्ग ओलांडून अकोल्याच्या रस्त्याला लागले की गर्दी मागे पडते आणि समोर क्षितिजावर निळसर डोंगर उमटू लागतात. अकोल्याला नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आणि कोरीव कामाचे सिद्धेश्वर मंदिर आहे. दुपारचे ऊन टाळायला मंदिराचा गार सभामंडप उत्तम. दोन तास तिथे गेले तरी वाया गेले असे वाटत नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावरान वाणांचे बियाणे जपून ठेवले आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, जिरवेल, रायभोग ही भाताची नावे या भागात अजून ऐकू येतात.

अकोल्यापुढे रस्ता डोंगरात शिरतो. निळवंडे धरण इथेच आहे. १९७० च्या सुमारास मंजूर झालेल्या या प्रकल्पाच्या कालव्यांत पाणी सुटायला २०२३ साल उजाडले. जिरायती गावांच्या एका पिढीचे आयुष्य त्या पाण्याची वाट पाहण्यात गेले. मग राजूर. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत आणि ते घ्यावेतच, पण गाडीत पेट्रोलही इथेच भरून घ्यावे. पुढे पंप, एटीएम आणि मोबाइलची रेंज यांचा भरवसा धरता येत नाही.

राजूर आणि शेंडी यांच्या दरम्यान रंधा धबधबा आहे. प्रवरा इथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. उन्हाळ्यात हा धबधबा धरणातून आवर्तन सुटले असेल तरच वाहतो. नसेल तर काळा, घासून गुळगुळीत झालेला कडा नुसता उभा असतो. कडा कोरडा असला तरी तिथे थांबावे, कारण पाण्याने दगडात किती खोल खोबण्या केल्या आहेत हे तेव्हाच नीट दिसते. काठावर घोरपडादेवीचे मंदिर आहे.

शेंडी हे भंडारदरा धरणाच्या पायथ्याचे गाव. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव धरणाला मिळाले. दगडी भिंत ८२ मीटर उंच आणि पाणीसाठा अकरा टीएमसी. १९६९ साली भिंतीला तडे गेले तेव्हा मागून भक्कम आधार बांधून ती सावरली. धरणातून पाणी सुटल्यावर भिंतीच्या पायथ्याशी गोलाकार कातळावरून ते छत्रीसारखे पसरते. तोच अंब्रेला धबधबा. ज्या डोंगरांनी हे पाणी दिले त्या डोंगरांचा माणूस राघोजी भांगरे. देवगावच्या या महादेव कोळी वीराने इंग्रज आणि सावकार यांच्याविरुद्ध बंड केले. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

मुक्काम शेंडीत किंवा जलाशयाच्या काठच्या एखाद्या वाडीत करावा. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, काठावर तंबू आहेत, पण दोघांसाठी सगळ्यांत चांगली सोय म्हणजे वाडीतले एखादे घर. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि जलाशयातली ताजी मासळी. तिसगावला घरात पंख्याखालीही घाम निथळत असतो त्या दिवसांत इथे पहाटे गोधडी अंगावर ओढावी लागते.

दुसरा दिवस जलाशयाभोवतीच्या रस्त्यासाठी राखून ठेवावा. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, असे हे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे वळसे आहेत. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. रस्ता अरुंद आहे, वळणावर समोरून गुरे येतात, म्हणून तिसऱ्या गिअरच्या वर जाण्याचा प्रश्नच येत नाही. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ, उंबर यांची गर्दी. नशिबात असेल तर शेंड्यावरून शेंड्यावर झेप घेणारे शेकरू दिसते, आणि पावशाची हाक तर दिवसभर कानावर असते.

या रस्त्यावर थांबून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे राब. भाताची रोपे जिथे टाकायची त्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्यांचे थर रचतात, वर मातीचे पातळ पांघरूण घालतात आणि ते सगळे सावकाश जाळतात. जमीन भाजली की तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. मे महिन्यात डोंगरउतारांवर जागोजागी राखेचे काळे चौकोन आणि निळ्या धुराच्या रेघा दिसतात. पावसाची पहिली सर आली की त्याच काळ्या चौकोनात भाताचे बी पडते. रस्त्याकडेला पोरीबाळी पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसलेल्या असतात. करवंद पुरते काळे झालेले असेल तर फोडल्यावर आत गर्द लाल दिसते आणि देठाचा चीक बोटांना चिकटून राहतो. द्रोण संपेपर्यंत गाडी उभीच ठेवावी.

घाटघरला कोकणकडा आहे. सह्याद्री इथे सरळ तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका पसरलेला दिसतो. याच उंचीचा उपयोग करून २००८ साली २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या तलावातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रीत. साम्रदला सांदण दरी. जमिनीला पडलेली भेगच ती. काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील, आणि ऊन तळापर्यंत जेमतेम दुपारचे पोचते. सुरुवातीच्या टप्प्यापर्यंत बेताने चालणाऱ्यालाही जाता येते. वळवाचे ढग दिसत असतील तर आत पाऊलसुद्धा टाकू नये, कारण दरीत पाणी शिरले तर बाजूला व्हायला जागाच नसते.

रतनवाडीला प्रवरेची वाट संपते. रतनगडाच्या डोंगरात नदीचा उगम आहे आणि पायथ्याशी अमृतेश्वराचे मंदिर. शिलाहार काळातले हे शिवालय झंज राजाने बांधले असे मानतात. पाया ते कळस कोरीव काम आहे, आणि उन्हाळ्यातल्या सकाळच्या तिरप्या प्रकाशात ते सर्वांत चांगले दिसते. शेजारी पुष्करणी आहे. तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती बसवलेल्या आहेत. कोल्हारच्या पुलाखाली कोरडे पात्र पाहून आलेल्या जोडप्याने या काठावर बसून निदान तासभर काढावा. लोणीच्या कारखान्यापर्यंत जाणारे पाणी इथून निघते.

मग अंधार पडू द्यावा. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीस, पाऊस लागण्याआधीच्या दमट दिवसांत, या वाड्यांच्या आसपास काजवे लागतात. आधी झुडपांच्या तळाशी दोनचार ठिपके हलतात. तासाभरात एखादा हिरडा किंवा जांभूळ भरून जाते. एका फांदीवरची लुकलुक शेजारच्या फांद्यांवर पोचते आणि मग सगळे झाड एकदम उजळते, एकदम विझते, पुन्हा उजळते. काजव्याच्या पोटाकडच्या भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश निर्माण होतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. हा प्रकाश जोडीदार शोधण्यासाठी असतो: नर चमकून खूण करतो, मादी उत्तर देते. काजव्याचे अळीरूप ओलसर मातीत गोगलगायी आणि लहान किडे खाऊन दीर्घकाळ काढते; पंख फुटल्यावर मात्र आयुष्य काही आठवड्यांचेच उरते.

म्हणूनच इथे येणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. शनिवार-रविवारी शेकडो गाड्या येतात. हेडलाइटच्या आणि मोबाइलच्या झोतात नराची खूण मादीला दिसेनाशी होते, आणि झाडाखाली तुडवल्या जाणाऱ्या गवतात माद्या आणि अंडी असतात. वनखाते प्रवेशशुल्क घेते, रात्रीच्या वाहनांवर बंधने घालते, आणि ती पाळलीच पाहिजेत. आठवड्यातला मधला वार निवडावा, गाडी वाडीतच उभी करावी, स्थानिक वाटाड्याबरोबर चालत जावे, बॅटरी बंद ठेवावी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरावीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ न बोलता उभे राहिले की जंगलच हळूहळू दिसू लागते.

पायांत बळ असेल तर तिसऱ्या दिवशी बारी गावाहून कळसूबाई चढता येते. १,६४६ मीटरचे हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत; पण मेमध्ये पहाटे अंधारात निघून ऊन चढण्याआधी खाली आलेले बरे. चढ नको असेल तर जलाशयाच्या काठी बसून दिवस घालवावा. ओसरलेल्या पाण्यामुळे काठाची लाल माती उघडी पडलेली असते आणि तिच्यावर गुरे चरत असतात.

परतीची वाट वेगळी घ्यावी. राजूरहून कोतूळला उतरले की मुळा नदी भेटते. ती हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येते, राहुरीजवळच्या मुळा धरणात अडते आणि पुढे नेवाशाच्या बाजूला प्रवरेला मिळते. धरणाचे पाणी वांबोरी चारीतून पाथर्डी तालुक्यातल्या काही तलावांपर्यंतही पोचते. कोतूळला मुळेच्या काठी कोतुळेश्वर आहे. तिथे सकाळची न्याहारी करून ब्राह्मणवाड्यामार्गे डोंगर ओलांडला की ओतूर येते. ओतूरला जो महामार्ग लागतो तोच आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर, नगर आणि करंजी घाट करत तिसगावातून जातो.