२१४७४८३६४७ : इंटच्या टोकावरची संख्या

फॅक्टोरियलचा प्रोग्राम सी लँग्वेजच्या लॅबमध्ये सगळ्यांनीच लिहिलाय. बारापर्यंत उत्तर बरोबर येतं. तेराचं यायला हवं ६,२२,७०,२०,८००, पण स्क्रीनवर बहुधा दिसतं १,९३,२०,५३,५०४! प्रोग्राम बरोबर, मग गडबड कुठे?

साध्या इंटला ३२ बिट मिळतात. त्यातला एक चिन्हासाठी, उरले ३१. सगळ्यांत १ भरला की होते २ चा ३१ वा घात उणे १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'त्र्याऐंशी'पाशी जरा थांबावं लागतं!) इंटमध्ये याच्यापुढे जागाच नाही.

पण ही संख्या कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध आहे. घातांक मूळ संख्या असला की असं उत्तरही मूळच येतं का? नाही. ११ घेतला तर २०४७ येते, आणि ती २३ गुणिले ८९. फ्रान्सच्या मर्सेनने १६४४ मध्ये चालणाऱ्या घातांकांची यादी दिली. तिच्यात ३१ होता. यादीत पुढे चुका निघाल्या, म्हणून सिद्धता हवीच होती.

ती १७७२ मध्ये ऑयलरने दिली. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सरळ भागत बसायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत जावं लागतं. पण या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६२ ने भागलं तर बाकी १ उरते, आणि ८ ने भागलं तर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरणाऱ्याच संख्या तपासायच्या. त्या फक्त ३७३! त्यातल्याही कितीतरी मूळ नाहीत, त्या आपोआप गळतात. एकानेही भाग गेला नाही. आठवी मर्सेन मूळ संख्या सापडली.

तिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे ६ किंवा २८ सारखी, जिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तीच संख्या येते (६ = १ + २ + ३).

आता आपल्या कामाची गोष्ट. अनेक जुन्या सिस्टिम्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, ही मोजणी याच संख्येवर पोचेल. पुढच्या सेकंदाला तिथलं घड्याळ १९०१ सालात उडी मारू शकतं. तेव्हा आपण नोकरीत असू, आणि ही दुरुस्ती आपल्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर येईल.

उपाय सोपा, ६४ बिट घ्या. मग टोकाची संख्या होते २ चा ६३ वा घात उणे १. ती मात्र मूळ नाही. ६३ ला ३ ने भाग जातो, म्हणून तिला २ चा ३ रा घात उणे १, म्हणजे ७ ने भाग जातो. पटत नसेल तर भागून बघा, फक्त व्हेरिएबल इंट घेऊ नका!