बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

नवी मुंबईत बर्फ पडत नाही हे सांगायला हवामान खातं नको. डिसेंबरातही होस्टेलचा पंखा पाचावर असतो! त्यामुळे "कूलंट म्हणजे अँटीफ्रीझ, ते थंड देशांसाठी, आपल्याकडे नळाचं पाणी चालतं" असं सांगणारे एक तरी काका प्रत्येक सोसायटीत भेटतातच. निदान मेकॅनिकलवाल्यांकडे तरी या काकांना द्यायला उत्तर हवं.

कूलंट करतं काय?

कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायनं. खरं तर उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सरस, कारण त्याची स्पेसिफिक हीट जास्त. मग ग्लायकॉल कशाला? तर उकळू नये म्हणून. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं आणि रेडिएटर कॅपच्या दाबाखाली सव्वाशेच्या आसपास. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी पाचशे मीटरहून जास्त चढते. मे महिना, एसी चालू आणि पुढे रांगणारा ट्रक! रेडिएटरला वारा लागत नाही आणि इंजिनावर लोड मात्र पूर्ण. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

दुसरं कारण गंजाचं. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारयुक्त पाणी, म्हणजे बारावीच्या केमिस्ट्रीतला सेलच झाला की! शिवाय बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार तापलेल्या भिंतींवर बसतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसाच. हा थर उष्णता अडवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतो, आणि शेवटी हेड गॅस्केट उडालं की हजारोंचा खर्च येतो.

ग्लायकॉल बरीच वर्षं टिकतं, पण गंजरोधकं संपतात. रंग छान हिरवा दिसला तरी संपतात! म्हणूनच कूलंट ठरावीक काळाने बदलायचं. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलतात, ऑरगॅनिक ॲसिडवालं जास्त टिकतं. रंगावर विसंबू नका. गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

घरी कसं बदलायचं?

१) इंजिन पूर्ण थंड हवं. वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण कोणी उघडतं का? तसंच हे. गरम असताना कॅप काढली की दाब एकदम उतरतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं.

२) गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी लावा. हीटरचा नॉब 'हॉट'वर ठेवा. रेडिएटरच्या ड्रेनखाली घमेलं ठेवून कूलंट काढा आणि किती निघालं ते मोजा.

३) ड्रेन बंद करून साधं पाणी भरा, कॅप लावा आणि इंजिन चालवा. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. आता बंद करून थंड होऊ द्या आणि काढा. पाणी नितळ येईपर्यंत असंच करा. शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

४) आता गणित. समजा सिस्टिम ४ लिटरची आहे आणि ड्रेनमधून २.५ लिटरच निघालं. म्हणजे १.५ लिटर पाणी ब्लॉकमध्येच अडकलं आहे. वरून २.५ लिटर तयार, निम्मं-निम्मं कूलंट ओतलं तर ग्लायकॉल भरतं फक्त ३१ टक्के! म्हणून फ्लशनंतर कॉन्सन्ट्रेट घ्यावं: आधी ते २ लिटर, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. झालं बरोब्बर ५० टक्के.

५) कॅप उघडी ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि होज हलकेच दाबत हवेचे बुडबुडे निघू द्या. लेव्हल उतरेल तसं मिश्रण भरा, मग कॅप घट्ट लावा. रिझर्व्ह बॉटलमध्ये पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी, इंजिन थंड असताना, पुन्हा बघा.

आणि घमेल्यातलं?

काम संपलं असं वाटतं, पण खरी जबाबदारी इथेच आहे. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड होऊन किडन्या निकामी होतात. पार्किंगमधल्या मांजराचा जीव जायला एक-दोन चमचे पुरतात. लहान मुलांनाही तोच धोका. गटारात ओताल तर आपल्या शहरातलं पावसाळी पाणी धारण तलावांतून खाडीलाच मिळतं. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र आहे आणि तिथे फ्लेमिंगो उतरतात. तेव्हा जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरात 'विष' लिहा आणि ते घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. सांडलेलं लगेच भरपूर पुसून घ्या.

काकांना एवढंच सांगा: बर्फ नसला तरी घाट आहे, आणि गंज तर बारमाही आहे!