आजारी घोडा आणि जुना लॅपटॉप : जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन व्यवहारातला प्रामाणिकपणा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, सर, वेदान्त झाला, कांट झाला, आता आमच्या रोजच्या कामाचं काही बोला. आम्ही विचारलं, रोजच्या कामाचं म्हणजे काय? उत्तर आलं, मोबाइल. जुना मोबाइल, जुनी मोटारसायकल, जुना फ्रीज. जव्हार-मोखाड्यात या वस्तू हल्ली कशा फिरतात ते तुम्ही पाहताच. कुणी फोटो काढतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाहीतर फेसबुकवर टाकतो, खाली लिहितो ‘कंडिशन एकदम ओके’. पैसे फोनवरून येतात आणि वस्तू जीपवाल्याच्या हाती जाते. घेणारा आणि देणारा एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. आज याच्यावर बोलू. सुरुवात मात्र आमच्यापासूनच करायला हवी, कारण या विषयात आमचे हात स्वच्छ नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आमचा जुना लॅपटॉप विकला. सात वर्षं वापरलेला. जाहिरातीत सगळं खरं लिहिलं. किती जुना, मेमरी किती, एका कोपऱ्याला टवका उडालाय, तोसुद्धा फोटोत दाखवला. एकच गोष्ट लिहिली नाही. बॅटरी गेलेली होती. चार्जर काढला की पाच मिनिटांत यंत्र बंद. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप कायम टेबलावर, चार्जर कायम लावलेला. त्यामुळे तो दोष आहे असं आमच्या मनात आलंच नाही. म्हणजे, असं आम्ही पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मनात आलं होतं. जाहिरात लिहिताना बोट त्या ओळीवर थांबलं होतं. कुणी विचारलं तर सांगू, असं ठरवून आम्ही पुढे गेलो.

लॅपटॉप घेतला खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरच्या मुलीनं. कॉलेजात शिकणारी. भाव नऊ हजार, तिनं तो कमीही करून मागितला नाही. आणि तिनं काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आम्हाला वाटलं, आता भांडणार. ती म्हणाली, “सर, चार्जर काढला की तो बंद पडतो. आम्ही काही चुकीचं करतोय का?”

दिवस श्रावणाचे. त्या पाड्यावर पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल त्याचा नेम नसतो. म्हणजे आमच्या टेबलावर जो दोष नव्हता, तो तिच्या घरी जाऊन सगळा लॅपटॉपच निकामी करणारा दोष झाला. आणि ती चूक स्वतःकडे घेत होती.

आता आम्ही तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. आम्ही काय केलं? आधी मनात बचाव तयार केला. खोटं तर बोललो नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. भाव त्या मानानं कमीच लावला होता. जुनी वस्तू म्हटल्यावर काहीतरी असणारच. हे चारही बचाव तुम्ही कुणा ना कुणाकडून ऐकले असतील, आणि त्यातला एकही अगदी पोकळ नाही. म्हणूनच ते तपासायला हवेत.

पहिला बचाव तर कायद्यालाही मान्य आहे. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय, आणि खाली उदाहरणं दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा आजारी आहे हे त्याला माहीत आहे. तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. बरं वाटलं आम्हाला. पण त्याच्या खालचं उदाहरण वाचा. घोडा घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर? मग मात्र सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे, कारण नातंच तसं आहे. आणि तिसरं उदाहरण. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प. इथे त्याचं मौन म्हणजे बोलणंच.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या तीन ओळींत आपला सगळा विषय आलाय. प्रश्न एवढाच, फोटो पाहून पैसे पाठवणारा माणूस या तिघांपैकी कोण?

आम्ही म्हणतो, तो पहिला नाही. लिलावात घोडा समोर उभा असतो. बैलबाजारात काय करतात ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. घेणारा बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवतो, शेपटीला हात लावून मारका आहे का ते पाहतो. सोबत एखादा जाणता म्हातारा आणतो. एवढं केल्यावर विकणारा गप्प राहिला तर त्याला फार दोष देता येत नाही, कारण घेणाऱ्याचे डोळे आणि हात काम करत होते. ‘पारखून घ्या’ हा नियम त्या बाजारातून आला. १९३०च्या मालविक्री कायद्यातही तो सोळाव्या कलमात बसलाय.

फोनच्या पडद्यावर पारखणार काय? फोटो विकणाऱ्यानं काढलेला, कुठल्या बाजूनं काढायचा ते त्यानंच ठरवलेलं. वर्णन त्याचंच. घेणाऱ्याकडे हात नाहीत, जाणता म्हातारा नाही, आहेत ते फक्त विकणाऱ्याचे शब्द. म्हणजे ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर वस्तू ठीक आहे असं मी धरतो’ हे वाक्य पैसे पाठवणारा प्रत्येक माणूस न बोलता बोलतच असतो. तो घोड्याचा तिसरा दाखला आहे. आमच्या बाबतीत तर दुसराही लागू होता. तिनं आम्हाला ‘सर’ म्हटलं होतं. या दोन तालुक्यांत आम्हाला सर म्हणणारे बरेच आहेत. त्या एका शब्दावर तिनं विचारायचं सोडून दिलं होतं.

सोळाव्या कलमात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती वकील मंडळींना माहीत असते आणि आपल्याला नसते. वस्तू कशासाठी हवी हे घेणाऱ्यानं सांगितलं, आणि तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबला, तर वस्तू त्या कामाला योग्य असायला हवी. मात्र ही जबाबदारी तसल्या मालाचा धंदा करणाऱ्यावर आहे. घरातली एखादी जुनी वस्तू काढणाऱ्यावर नाही. म्हणजे कायद्यानं आम्ही सुटलो. पण त्यातला विचार घ्यायला कायद्याची सक्ती कशाला लागते? दोष हा वस्तूत एकटा बसलेला नसतो. तो वस्तू आणि वापर यांच्या मध्ये असतो. मोटारसायकलचा ब्रेक सपाट रस्त्यावर ‘चालतो’ आणि जव्हारच्या घाटात चालत नाही. मोबाइलचा एक सिम-खाचा शहरात नसला तरी भागतं. ज्याच्या पाड्यावर एकाच कंपनीची रेंज टेकडीवर जाऊन मिळते त्याचं नाही भागत. म्हणून विकणाऱ्यानं विचारायचा प्रश्न साधा आहे : कशाला पाहिजे?

हा वाद नवा नाही. रोमचा सिसेरो, ख्रिस्तापूर्वी पहिल्या शतकातला, त्यानं कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात हेच आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्यानं वाटेत पाहिलंय. सांगितलं तर भाव पडेल. सांगावं की नाही? एक तत्त्वज्ञ म्हणतो, लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. दुसरा म्हणतो, माणसं एकमेकांना बांधलेली आहेत, सांगायलाच हवं. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूचा. आमचं मत विचाराल तर धान्याच्या व्यापाऱ्याबद्दल आम्ही थोडे घुटमळतो. त्याच्या धान्यात खोट नाही, त्याला बाजाराची बातमी आहे एवढंच, आणि आपला करार कायदाही व्यापाऱ्याव्यापाऱ्यांतली अशी बातमी सांगायला लावत नाही. पण सिसेरो त्याच्याच पुढे अपायकारक घर विकणाऱ्याची गोष्ट घेतो, खोल्याखोल्यांत साप निघणाऱ्या घराची, आणि तिथं आम्हाला शंका उरत नाही. साप विकणाऱ्यालाच माहीत आहेत आणि झोपणार दुसरा आहे.

आपल्याकडे कौटिल्यानं फार व्यावहारिक तोड काढली होती. खरेदी-विक्री झाल्यावर मन बदललं तर परत फिरायला मुदत. व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोरक्षकांना पाच. मुदती वेगळ्या का? आमचा अर्थ असा, की कापडाचा दोष एका रात्रीत दिसतो, गाईची खोड कळायला चारपाच दिवस लागतात. जुन्या मोबाइलचं काय? तोही गाईसारखाच. पहिल्या दिवशी गुणी असतो. आमच्या मते कुणीही जुनं यंत्र विकताना पाच रात्रींची बोली स्वतःहून लावावी. आवडला नाही तर पाच दिवसांत परत. अशी बोली लावायला ज्याची जीभ रेटत नाही, त्याला आपल्या वस्तूचं काहीतरी माहीत असतं.

आणि न सांगण्याचा तोटा फक्त एका घेणाऱ्याला होत नाही. १९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, २००१मध्ये त्याला नोबेल मिळालं. अमेरिकेत भंगार निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. (आपण नव्या गाडीला लिंबू बांधतो, ते वेगळं.) त्याचं म्हणणं असं : चांगली गाडी कोणती, लिंबू कोणतं, हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच कमी भाव देतो. कमी भावाला चांगली गाडी कोण विकेल? चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, उरतात लिंबं. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर असे दोन मोबाइल गेले की सगळा पाडा म्हणतो, जुना फोन नको रे बाबा. मग ज्याला नवा परवडत नाही त्याचं पोरगं बिनफोनचं. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले, तेव्हा एक फोन असणं म्हणजे काय ते सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

मोटारसायकलचं थोडक्यात सांगतो. इथं गाड्या कागद नावावर न करता हातोहात जातात. ‘करू पुढे’ म्हणतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात, गाडी पुढे अनेकांना विकली गेलेली असताना, अपघाताची भरपाई नोंदीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच ठेवली. म्हणजे फॉर्म २९ आणि ३० भरणं हा देणाऱ्याचा स्वार्थ आहे आणि घेणाऱ्याचाही, कारण नाव न झालेली गाडी त्याची असून त्याची नसते. इथं प्रामाणिकपणा आणि शहाणपणा एकाच जीपनं जातात.

आता दुसरी बाजू. आत्तापर्यंत सगळं विकणाऱ्यावर बोललो. घेणारा काय धुतल्या तांदळाचा असतो? भादव्यात, भात अजून शेतात उभं, घरात रोकड नाही, कुणी आजारी पडतं आणि मोटारसायकल ग्रुपवर येते. ‘अर्जंट विकणे’. तो ‘अर्जंट’ शब्द वाचून पंधरा हजारांची गाडी सहाला मागणारे आपल्यातच आहेत. त्याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो. किंवा समजा, बोहाड्याचा एखादा जुना लाकडी मुखवटा कुणी अडगळीतून काढून फोटो टाकला, पाचशे रुपये, आणि मुंबईच्या माणसाला त्याची किंमत ठाऊक आहे. इथं गप्प राहणारा घेणारा आहे. सिसेरोच त्याच ग्रंथात क्विंटस म्यूसियस स्केव्होलाची हकीकत सांगतो. हा शेत घ्यायला गेला. विकणाऱ्यानं भाव सांगितला. हा म्हणाला, माझ्या मते जास्त होतात, आणि एक लाख नाणी वाढवून दिली. तिथंही लोक म्हणाले, माणूस चांगला, पण शहाणा नाही. दोन हजार वर्षांत हा शेरा बदललेला नाही. प्रत्येकानं स्केव्होला व्हावं असं आम्ही म्हणणार नाही, आमच्यानंही होणार नाही. पण अडलेल्या माणसाच्या गाडीला, तो अडलेला नसता तर काय दिलं असतं, तेवढं देणं हे काही संतपण नव्हे.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, सर, तुम्ही सज्जनांचं बोलताय, ठगांचं काय? बरोबर आहे. ताई, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, स्कॅन करा’ म्हणणारा पैसे काढतोय. आणि जुना फोन घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून पंधरा आकडी नंबर घ्या, सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल. फसलात तर लगेच १९३० ला फोन. योगायोग बघा, मालविक्रीचा कायदाही १९३०चाच! ठगाचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, पोलिसांचा आहे. आमचा प्रश्न आमच्यासारख्यांचा, जे ठग नाहीत आणि एक ओळ गाळतात.

त्या मुलीला आम्ही सांगितलं, तुझं काही चुकत नाही, बॅटरी गेलेली आहे आणि ते आम्हाला माहीत होतं. शेवटचे चार शब्द जड गेले. फोनवर थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग “बरं सर” म्हणाली. लॅपटॉप परत घ्यायची तयारी दाखवली, तिला तो हवाच होता. नाशिकहून नवी बॅटरी मागवून जीपवाल्याकडे दिली, त्यात बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत तिला एक प्रकल्प कॉलेजात द्यायचा होता, तो तिनं हातानं लिहून दिला, हे आम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तिनं सांगितलं नाही. त्यानंतर ती आम्हाला भेटते, नमस्कार करते, पण त्यानंतर काही विकत घ्यायचं असलं तर ती विचारते, सगळं विचारते. परवा कुणाचा तरी प्रिंटर घेताना तिनं सतरा प्रश्न विचारले म्हणे.

आम्ही सध्या मिक्सर विकायला काढलाय. जाहिरातीत लिहिलंय : मधलं भांडं गळतं, तिसऱ्या वेगाला वास येतो, ओल्या वाटणाला चालेल, सुक्या मिरचीला नाही, पाच दिवसांत परत. तीन आठवडे झाले, अजून गेलेला नाही.