जुन्या मोटारीचें कण्हणें : गिअरपेटीचें रोगनिदान

आजोबांची फडताळांतील पोथी नातू ज्या ममतेनें पुन्हां बांधवून घेतो, त्याच ममतेनें हल्लीं कित्येक घरांत आजोबांची मोटार पुन्हां चालती करण्यांत येते. हा निव्वळ हौसेचा भाग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या गाडींतून घरची नवी सून प्रथम उंबरठ्याशीं आली, ज्या गाडींतून घरांतील मंडळी पैठणास नाथषष्ठीला गेली, ती गाडी पत्र्याची असली तरी घरांतलीच एक व्यक्ति होऊन बसते. तिला मोडींत काढतांना हात अडखळतो.

महाराष्ट्रांतील अशा मोटारींत मानाचें पान कुर्ल्याच्या मोटारीकडे जातें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि पुढें इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची मोटार तेथें तयार होऊं लागली. १९६४ मध्यें तिचा ‘डिलाइट’ हा प्रकार निघाला. १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें घरोघर पोंचली. १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला आणि गति मागच्या चाकांना, अशी तिची रचना. गेल्या शतकाच्या शेवटास तिचें उत्पादन आटोपलें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनहि ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमान्वयें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते. म्हणजे पहिल्या पद्मिनी आतां त्या मानास पात्र झाल्या आहेत.

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत यंत्र जाणणाऱ्या हातांचा तोटा नाहीं. वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांनीं या शहरास ती विद्या दिली आहे. त्यामुळें रंग, गादी, इंजिन हीं सारीं यथास्थित होतात. परंतु सजलेली गाडी रस्त्यावर आली कीं कित्येकदां पोटांतून घरघर ऐकूं येते, आणि शेजारपाजारचे चार जाणते एकमुखानें निर्णय देतात, “गिअरपेटी गेली, उघडा!” प्रस्तुत लेखाचा हेतु त्या ‘उघडा’ या शब्दाआधीं क्षणभर थांबविण्याचा आहे. जुन्या गिअरपेटीचे सुटे भाग सहजासहजीं मिळत नाहींत. तिच्यांतील चाकांचे दांते अनेक वर्षांच्या सहवासानें एकमेकांस बसलेले असतात. त्यांतील एकच चाक बदललें तर जुन्या-नव्याचें जमेलच असें नाहीं. निष्कारण उघडलेली पेटी पूर्वीइतकी स्वस्थ क्वचितच होते. उलट, खरोखर बिघडलेली पेटी तशीच पळविली तर एका बेअरिंगचा चुरा साऱ्या चाकांचे दांते खातो. म्हणून निदान आधीं, शस्त्रक्रिया मागाहून.

निदानासाठीं पेटीचें शारीर थोडें समजून घेतलें पाहिजे. तिच्यांत मुख्यतः तीन दंड असतात. पहिला क्लचकडून इंजिनची गति आंत आणतो. दुसरा खालीं आडवा असतो. त्यास मिस्त्री लोक ‘ले शाफ्ट’ म्हणतात. तो पहिल्याशीं दांत्यांनीं कायमचा जोडलेला असतो. तिसरा मुख्य दंड मागच्या चाकांकडे गति नेतो. गाडी न्यूट्रलमध्यें उभी आहे, इंजिन चालू आहे आणि क्लचवर पाय नाहीं, अशा वेळीं पहिला व दुसरा हे दोन दंड फिरत असतात. तिसरा स्वस्थ असतो. पहिल्या तीन गिअरांत सारा भार ले शाफ्टवरून जातो. पण चौथ्या म्हणजे टॉप गिअरांत पहिला दंड सरळ तिसऱ्याशीं जोडला जातो. ले शाफ्ट फिरतो खरा, पण रिकामाच. ज्या घरांत जातें फिरलें आहे त्या घरच्या भगिनींस हा भेद सांगावयास नको. दाणे घातलेलें जातें आणि रिकामें जातें यांचा स्वर माजघरांतूनहि ओळखूं येतो. गिअरपेटीच्या परीक्षेचें अर्धें मर्म या भेदांत आहे.

उरलेलें अर्धें आपल्या न्यायशास्त्रांत आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों, तें कशाच्या बळावर? स्वयंपाकघरांत धूर असतो तेथें अग्नि असतो, हा अन्वय; सरोवरांत अग्नि नाहीं म्हणून धूरहि नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही मिळाल्यावांचून अनुमान पक्कें होत नाहीं. मोटारीच्या बाबतींत लोक अन्वयच तेवढा पाहतात : गाडी चालली कीं आवाज येतो. परंतु गाडी चालली म्हणजे पन्नास भाग एकदम चालतात. त्यांतून एक निवडणार कसा? शिवाय आवाज लोखंडांतून वाहत जातो. मागचा आवाज पुढें आणि खालचा आवाज पायांशीं ऐकूं येतो. म्हणून आवाज ‘कोठून येतो’ हें कानास विचारूं नये. तो ‘केव्हां नाहींसा होतो’ हें विचारावें. या प्रश्नास कान सहसा खोटें उत्तर देत नाहीं.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. पहिली परीक्षा उभ्या गाडीची. हातब्रेक ओढावा, न्यूट्रल करावें, इंजिन मंद चालू ठेवावें. घरघर येत असतां क्लच दाबला आणि ती थांबली, तर दोष पहिल्या दंडाच्या बेअरिंगांत अथवा ले शाफ्टच्या आधारांत असण्याचा संभव आहे, कारण क्लच दाबतांच हे दोनच दंड विसावतात. याच्या उलट, क्लच दाबतांच आवाज सुरू झाला, तर पेटी बहुधा निर्दोष असून क्लच सोडविणारें बेअरिंग झिजलेलें असतें. मंद गतींत येणारी अगदीं हलकी खडखड मात्र दांत्यांमधील स्वाभाविक मोकळीकीची असूं शकते. तिला रोग मानूं नये.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीची. सपाट रस्त्यावर एकेक गिअर क्रमानें लावून ऐकावें. एकाच गिअरांत आवाज येतो व इतरांत येत नाहीं, तर त्याच गिअरची जोडी दोषी. पहिल्या तिन्हींत येतो आणि टॉपमध्यें जवळजवळ मावळतो, तर ले शाफ्टकडे संशय जातो. तेथें दाणे संपून जातें रिकामें झालें, असें समजावें. कित्येक गाड्यांत मागें जाण्याच्या गिअरचे दांते सरळ कापलेले असतात. त्याची शीळ ही जातिस्वभावाची, दोषाची नव्हे.

तिसरी परीक्षा गतीची. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें तिसऱ्या गिअरांत ऐकावें, मग त्याच वेगानें टॉपमध्यें, आणि मग मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून. तिन्ही वेळां आवाज तोच राहिला, तर त्याचा संबंध गिअरशीं नसून चाकांच्या फिरण्याशीं आहे. अशा वेळीं पेटीच्या मागच्या टोकाचें बेअरिंग, त्यापुढील लांब प्रोपेलर दंड, मागचें डिफरन्शियल आणि चाकांचीं बेअरिंगें यांची चौकशी करावी. सर्व गिअरांत विशिष्ट वेगावर येणारी शीळ अॅक्सिलरेटर दाबतांना वाढत असेल व पाय काढतांच बदलत असेल, तर दोष बहुधा डिफरन्शियलचा. कारण पाय काढला कीं दांत्यांची एक बाजू सुटून दुसऱ्या बाजूवर भार येतो. ही परीक्षा दौलताबादहून खुलताबादेकडे चढणाऱ्या घाटांत कोणीं करूं नये. उतारावर न्यूट्रलमध्यें गाडी सोडणें म्हणजे इंजिनचा आवर सोडून देणें होय.

चौथी परीक्षा गिअर बदलतांनाची. येथें फार सावध असावें, कारण येथील खरखर हा नैयायिकांच्या भाषेंत सव्यभिचार हेतु आहे. ती एकाहून अधिक कारणांनीं होते. दोन चाकांची गति जुळवून मगच त्यांस जोडणारी ‘सिंक्रोमेश’ ही युक्ति अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारींत १९२८ सालीं प्रथम आली. ती अर्ल टॉम्प्सन या यंत्रज्ञाची. तिच्यांतील पितळी कडें झिजलें तर खरखर होते. पण क्लच पूर्ण सुटत नसला तरीहि होते. निवाडा असा करावा : गाडी उभी असतां क्लच पूर्ण दाबून सात-आठ सेकंद थांबावें आणि मग मागचा गिअर हळूच लावावा. तरीहि दांते ओरडले, तर क्लच अडकतो आहे. तेथें शांतपणें लागला, आणि चालतांना एखाद्याच गिअरांत खरखर झाली, तर त्या गिअरच्या कड्याकडे पाहावें. अनेक जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला हें कडें मुळींच नसतें. तेथें गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला लावूं पाहणाऱ्या नातवास पेटी ओरडूनच उत्तर देते. दोष तिचा नसतो.

ठोक्यांच्या बाबतींत थोडें गणित उपयोगी पडतें. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर पहिला दंड सेकंदास ५० फेरे घेतो. त्यावरील चाकास २० दांते आहेत असें धरलें तर सेकंदास १००० दांते जुळतात. हाच तो अखंड स्वर. त्यांतील एकच दांता तुटला असेल तर सेकंदास ५० ठोके पडतात, आणि ते कानास वेगळे न वाटतां गुरगुर वाटते. तेंच इंजिन ६०० फेऱ्यांवर आणलें तर ठोके दहाच उरतात व टकटक स्पष्ट होते. म्हणून तुटलेला दांता शोधावयाचा तो सावकाश चालीवर.

शहरांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नुकताच असा प्रसंग आला. नव्यानें सजविलेली पद्मिनी चाळिसाच्या वेगावर गुरगुरूं लागली, आणि पेटी उतरविण्याचा दिवसहि ठरला. घरच्या धाकट्या सुनेनें मात्र एक वही घातली : गिअर कोणता, वेग किती, पाय कोठें, आवाज आहे कीं नाहीं. दौलताबादच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या आणि वहीनें उत्तर दिलें. उभ्या गाडींत आवाज नाहीं, चालत्या गाडींत सर्व गिअरांत आहे, न्यूट्रलमध्येंहि आहे. वळणावर तो बदलत नव्हता, म्हणून चाकांच्या बेअरिंगांवरील संशय मंदावला. मग मिस्त्रींनीं मागचीं दोन्ही चाकें भक्कम स्टँडवर उचलून, पुढच्या चाकांस अटकण लावून, लांब स्क्रूड्रायव्हरचें एक टोक यंत्रास व मूठ कानाशीं लावून ऐकलें. पेटीच्या टोकाशीं स्वर स्वच्छ होता. प्रोपेलर दंडाच्या मधल्या आधाराशीं खरखरीत. तेथील रबर पिचलें होतें आणि बेअरिंग गंजलें होतें. एका लहानशा भागावर काम भागलें. पेटीच्या झांकणाचा एक स्क्रूहि हलला नाहीं. डॉक्टरांची नळी हीहि याच तत्त्वावरची. फ्रान्सच्या लाएनेक या वैद्यानें ती १८१६ सालीं काढली. घरीं हें करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि जाऊं नये, आणि फिरत्या दंडाजवळ पदर, उपरणें किंवा सैल बाही नेऊं नये.

पुनरुज्जीवित गाडीचे कांहीं दोष तिच्या वार्धक्याचे नसून उपचाराचेच असतात. वर्षानुवर्षें उभ्या गाडींत तेल तळाशीं बसतें आणि वरच्या बेअरिंगांस गंज चढतो. इंजिन उतरवून पुन्हां चढवितांना क्लचची प्लेट मध्यावर न बसल्यास पहिल्या दंडास ओढ बसते. कधीं तर आवाज नवा नसतोच. जुने जाड गालिचे व पेटीवरचें रबर काढून टाकल्यानें पूर्वीचाच आवाज आतां ऐकूं येतो.

आयुर्वेदानें रोग ओळखण्याच्या पांच साधनांत ‘उपशय’ हें एक मानलें आहे; म्हणजे कशानें बरें वाटतें तें पाहून रोग जाणणें. गिअरपेटीचा उपशय म्हणजे तेल. प्रथम पातळी पाहावी. तेल काढून पांढऱ्या फडक्यावर घ्यावें. बारीक काळपट चूर्ण हें झिजेचें, पण चमकते तुकडे दिसले तर गाडी तेथेंच थांबवावी व पेटी खुशाल उघडावी. नवें तेल गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घ्यावें. जीएल–५ वर्गाच्या कित्येक तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळी कड्यांस बाधतात, म्हणून अशा पेट्यांस सामान्यतः जीएल–४ वर्गाचें तेल सोसतें. अतिशय जाड तेल ओतून आवाज दाबणें हा उपचार नव्हे. पूर्वीं कांहीं लबाड विक्रेते पेटींत लाकडाचा भुसा घालून तिला गप्प करीत. म्हणून जुनी गाडी विकत घेतांना संशयास्पद शांततेचेंहि निदान करावें.

वाग्भटानें वैद्यास दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन परीक्षा सांगितल्या आहेत. मोटारीच्या बाबतींत तिसरी सर्वांत स्वस्त, आणि तीच आपण वगळतों. एक वही, एक पेन्सिल आणि घरांतील एक शांत कान एवढें साहित्य असलें कीं ती कोणासहि करतां येते. मिस्त्रीकडे “आवाज येतो” एवढेंच सांगत जाऊं नये. “आवाज अमुक वेळीं येतो व अमुक केलें कीं जातो” असें सांगावें. ज्यास हें दुसरें वाक्य सांगतां आलें, त्याचें अर्धें काम कारखान्याच्या दारापाशींच झालें.