आर्लमध्ये भिंत कुणाला?

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरात ‘रंकोंत्र दार्ल’ हा छायाचित्र महोत्सव पाहायचा म्हणजे पायपीट आलीच. जुलैच्या उन्हात एका प्रदर्शनासाठी जुन्या चर्चमध्ये शिरायचं, दुसऱ्यासाठी फोरमखालच्या रोमन भुयारांत उतरायचं आणि रात्री प्राचीन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांवर बसून पडद्यावर फोटो पाहायचे. परक्या वास्तूंमध्ये असं बिऱ्हाड मांडण्यामागे मोठा इतिहास आहे.

साठच्या दशकात फ्रान्सच्या कलासंग्रहालयांत फोटोला जवळजवळ स्थान नव्हतं. आर्लचेच छायाचित्रकार ल्युसियाँ क्लेर्ग आणि संग्रहालयाचे प्रमुख जाँ-मोरिस रुकेत यांनी १९६५ मध्ये इथल्या रेआत्यू संग्रहालयात फोटोंचा विभाग उघडला. गाठीशी पैसा नव्हता, म्हणून नामवंत छायाचित्रकारांना पत्रं लिहून फोटोच मागवले. १९७० मध्ये कादंबरीकार मिशेल तूर्निए यांना सोबत घेऊन त्यांनी महोत्सव सुरू केला. पुढे ॲन्सेल ॲडम्ससारखे दिग्गज इथे येऊन गेले. १९८२ मध्ये फोटोग्राफीची राष्ट्रीय शाळाही आर्लमध्येच निघाली.

१९८४ मध्ये रेल्वेचे कारखाने बंद पडले. कामगारांचं शहर पोरकं झालं, महोत्सवाला मात्र कालांतराने अवाढव्य रिकाम्या शेड मिळाल्या आणि प्रदर्शनांचा पसारा वाढला. २००७ मध्ये महोत्सवाचा रोख भारताकडे होता. छायाचित्रकार पाब्लो बार्थोलोम्यू यांच्या ‘आउटसाइड इन’ या प्रदर्शनातून सत्तर-ऐंशीच्या दशकांतली मुंबई, दिल्ली आणि कलकत्ता तिथे पोचली.

२०२१ मध्ये त्याच कारखान्यांच्या आवारात वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी रचलेला लुमा या कलाप्रतिष्ठानचा झळझळीत मनोरा खुला झाला. पडीक जागेला भाव आला, तशी फोटोलाही प्रतिष्ठा आली होती. तोवर भांडणही वेगळं झालं होतं. प्रदर्शनांत स्त्रिया इतक्या कमी का, असा जाब २०१८ मध्ये एका जाहीर पत्राने विचारला. पणजीत डिसेंबरचा कलामहोत्सव भरवणाऱ्या सेरेंडिपिटी प्रतिष्ठानच्या साथीने २०२० पासून दक्षिण आशियातल्या छायाचित्रकारांना महोत्सवाचं अनुदानही मिळू लागलं.

फोटो भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचा आहे का, हा वाद आर्लने कधीच जिंकला. ती भिंत कुणाच्या वाट्याला येते, हा वाद अजून चालू आहे. महोत्सव जिवंत आहे तो त्यामुळेच.