चोराच्या एक पाऊल पुढे : सायबर गुप्तवार्ता विश्लेषकाचं काम



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, आता पुढं काय? मुलगी म्हणते, "मला कॉम्प्युटरमधलं काहीतरी करायचंय." आपण विचारतो, "काहीतरी म्हणजे काय गं?" तिलाही नीट सांगता येत नाही, कारण कॉम्प्युटरमधली कामं एक ना दोन, शंभर प्रकारची आहेत. आज त्यातल्या एकाच कामाची ओळख करून घेऊ. नाव जरा लांबलचक आहे : सायबर गुप्तवार्ता विश्लेषक.

गुप्तवार्ता म्हटलं की सिनेमातला हेर डोळ्यांपुढं येतो. हे काम तसं नाही. हे खुर्चीत बसून, वाचून, ताडून बघून करायचं काम आहे. इंटरनेटवरून चोऱ्या करणारे कोण आहेत, त्यांची पद्धत काय, पुढचा घाला ते कुठं आणि कधी घालतील, याचा अंदाज बांधायचा. आणि ज्याला धोका आहे त्याला वेळेत सांगायचं. चोरी झाल्यावर तपास करतात ते पोलीस. दारात उभा राहतो तो राखणदार. आणि आज कोणत्या बाजूनं चोर येण्याचा संभव आहे हे राखणदाराला सांगतो, तो विश्लेषक.

हे नुसतं सांगून कळणार नाही. आपल्या पुण्याचीच गोष्ट घेऊ.

पुण्यातली चोरी

कॉसमॉस ही पुण्याची जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून माणसं बनावट कार्डं घालून पैसे काढत होती. काही तासांत सुमारे बारा हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. भारतातूनही अडीच कोटी निघाले. दोन दिवसांनी, सोमवारी १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते मशीन बँकेच्या कॉम्प्युटरला विचारतं, "या खात्यात पैसे आहेत का? देऊ का?" बँकेचा कॉम्प्युटर खातं बघून हो किंवा नाही सांगतो. चोरांनी आधीच बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून मध्येच आपला एक खोटा 'उत्तर देणारा' बसवला होता. मशीननं विचारलं की हा खोटा म्हणायचा, "हो, दे." खरा प्रश्न बँकेपर्यंत पोचायचाच नाही. म्हणून ग्राहकांच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत, पण बँकेचे गेले.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेनं बँकांना गुप्त इशारा दिला होता, की येत्या काही दिवसांत बनावट कार्डं वापरून जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा बेत दिसतो आहे. पण कोणत्या बँकेचे, ते त्यात नव्हतं.

विश्लेषकाचं काम इथं कळतं. इशारा अर्धवट असतो. बँकेचं नाव नसतं, वेळ नसते. त्या अर्धवट माहितीवरून आपण आज काय करायचं, हे ठरवायला मदत करायची. अशा चोरांचा एक शिरस्ता आहे, ते सुट्टी बघून येतात. २०१६ साली बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला, तो गुरुवारी रात्री. शुक्रवारी बांगलादेशात सुट्टी. शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी. सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. चार दिवस कुणाचा कुणाला नीट फोन लागेना, तेवढ्यात ८ कोटी १० लाख डॉलर गेले. हे ज्याला ठाऊक आहे, तो शुक्रवारी आलेला इशारा सोमवारी बघू म्हणून ठेवणार नाही. शनिवार-रविवारी जादा माणसं बसवा, एटीएममधून एका वेळी निघणाऱ्या रकमेवर मर्यादा घाला, असा सल्ला तो त्याच संध्याकाळी देईल.

या कामाला काय काय यावं लागतं?

पहिली गोष्ट, कॉम्प्युटरची बैठक पक्की हवी. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, एका यंत्राची दुसऱ्याशी बोलणी कशी होतात, घातक प्रोग्राम आत कसा शिरतो, हे समजलं पाहिजे. प्रत्येक कॉम्प्युटर एक नोंदवही ठेवतो : कोण आलं, किती वाजता आलं, काय उघडलं. तिला लॉग म्हणतात. आपल्या गटाचं हजेरी रजिस्टर आणि रोकडवही असते, तसंच. रात्री दोन वाजता रजेवरच्या माणसाच्या नावानं कुणी आत आलं असेल तर ते या वहीत दिसतं. पण बघणारा हवा.

दुसरी गोष्ट, बारीक नजर. त्या बांगलादेशाच्या दरोड्यात दोन कोटी डॉलर श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावावर जाणार होते. चोरांनी 'फाउंडेशन' हा शब्द इंग्रजीत चुकीचा लिहिला. तपासणाऱ्याच्या नजरेला ते खटकलं, विचारणा झाली आणि ते दोन कोटी डॉलर वाचले. तांदूळ निवडताना खडा आपल्या हाताला लागतो ना, तशी ही सवय असते.

तिसरी गोष्ट, ऐकलेली माहिती जोखणं. इथं दोन प्रश्न वेगळे ठेवायचे : सांगणारा कोण आहे, आणि सांगतोय ते कितपत खरं वाटतं. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येतो, आणि थापाड्याही कधी खरं बोलतो. म्हणून या क्षेत्रात सांगणाऱ्याला वेगळी श्रेणी देतात आणि माहितीला वेगळी. आणखी एक सापळा असतो. गावात तीन बायका येऊन सांगतात, "रेशन दुकान उद्या बंद आहे." आपल्याला वाटतं, तिघी म्हणतात म्हणजे खरंच. पण तिघींनीही ते एकाच बाईकडून ऐकलेलं असतं! मग साक्षी तीन नव्हेत, एकच. विश्लेषक नेहमी उगमापर्यंत जातो.

चौथी गोष्ट, पहिल्याच अंदाजाला न चिकटणं. समजा, गटातली एखादी रडत आली, "खात्यातून ४३६ रुपये गेले, कुणीतरी लुबाडलं." लगेच फसवणूक म्हणायचं नाही. आधी सगळ्या शक्यता कागदावर मांडायच्या : घरच्या कुणी काढले, बँकेनं काही आकार लावला, अंगठ्याचा गैरवापर झाला, विम्याचा हप्ता गेला. मग प्रत्येक शक्यतेला विचारायचं, ही खोटी ठरेल असा काही पुरावा आहे का? ४३६ रुपये हा पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे, आणि त्या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. पैसे मे महिन्याच्या अखेरीस गेले असतील तर तो हप्ताच असण्याचा संभव मोठा. बँकेत पासबुक भरून घेतलं की खात्री होईल. आणि रक्कम पाच हजार असेल, तारीखही भलतीच असेल, तर विम्याची शक्यता बाद. मग मात्र क्षणभर थांबायचं नाही. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी ही रीत घालून दिली. १९९९ साली आलेलं त्यांचं पुस्तक आजही हे काम शिकणारे वाचतात.

पाचवी गोष्ट, नेमकं बोलणं आणि लिहिणं. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचरांनी एका अहवालात लिहिलं, की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे. नंतर शर्मन केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, 'गंभीर शक्यता' म्हणजे तुमच्या मनात किती? कुणी म्हणालं शंभरात वीस, कुणी म्हणालं शंभरात ऐंशी. सगळ्यांनी एकाच वाक्याला मान डोलावली होती, आणि मनात प्रत्येकाच्या वेगळंच! आपण म्हणतो ना, "येते गं जरा वेळानं." कुणाचा जरा वेळ दहा मिनिटांचा, कुणाचा संध्याकाळपर्यंतचा. म्हणून विश्लेषकानं निष्कर्ष पहिल्या वाक्यात सांगायचा, खात्री किती ते सांगायचं, आणि काय करावं तेही सांगायचं. दहा पानांचा अहवाल कुणी वाचत नाही, आणि तोवर चोर निघून जातो.

सहावी गोष्ट, कायद्याची लक्ष्मणरेषा. चोराला पकडायचं म्हणून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं हाही गुन्हाच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याप्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विश्लेषक उघड मिळणाऱ्या आणि परवानगीनं मिळालेल्या माहितीवरच काम करतो.

हे आपल्या मुलींना जमेल का?

एलिझाबेथ फ्रीडमन नावाची एक अमेरिकन बाई होऊन गेली. शेतकऱ्याच्या घरातली, भावंडांत धाकटी. शिकली इंग्रजी साहित्य. पुढं ती सांकेतिक निरोप उलगडण्यात इतकी तरबेज झाली, की समुद्रातून चोरटी दारू आणणाऱ्या टोळ्यांचे निरोप तिनं कागद-पेन्सिलीवर फोडले, आणि १९३३ साली न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टात उभं राहून ते समजावून सांगितले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. होती ती चिकाटी आणि भाषेची जाण.

भाषेची जाण आजही तेवढीच मोलाची आहे. फसवणारे आता मराठीत, हिंदीत बोलून फसवतात. त्यांच्या बोलण्यातली लकब, चुकलेला शब्द, नकली सरकारी भाषा ओळखायला गावाकडची मुलगी कुठं कमी पडते? इंग्रजी वाचून समजण्याइतकं मात्र शिकावंच लागतं, कारण यातली बरीच माहिती इंग्रजीत असते.

वाट कशी धरायची? सुरुवातीला एमएससीआयटीसारखा पायाभूत अभ्यासक्रम. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर कॉम्प्युटर किंवा आयटीची पदवी. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत माहिती सुरक्षेचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो, त्याला प्रवेश परीक्षा असते. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे आणि गोव्यातही त्याची शाखा आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावर घरबसल्या शिकता येतं.

दोन गोष्टी मुलीला आधीच सांगा. एक, सुरुवातीची नोकरी बहुधा पहाऱ्याची असते. कंपनीच्या सुरक्षा कक्षात पाळ्या लावून बसायचं, त्यात रात्रपाळीही येते. येण्याजाण्याची सोय काय, हे नोकरी घेताना विचारावं. दोन, 'तीन महिन्यांत हॅकर बना, नोकरीची शंभर टक्के हमी' अशी जाहिरात करणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोन-चार मुलींशी बोलावं.

आणि आपण?

विश्लेषक लांब शहरात बसतो, पण त्याला लागणारी माहिती आपल्या दारातून जाते. आपण तक्रार केली, की कोणत्या नंबरवरून फोन आला आणि पैसे कोणत्या खात्यात गेले हे नोंदलं जातं. शंभर गावांतल्या शंभर तक्रारी एकत्र आल्या की एका टोळीची चाल दिसते. लाजेनं गप्प बसलेली बाई स्वतःचे पैसे तर गमावतेच, पण पुढच्या बाईला मिळणारा इशाराही तिथंच अडतो. म्हणून पैसे गेले की ताबडतोब १९३० वर फोन करायचा. जेवढ्या लवकर फोन, तेवढी पैसे मध्येच अडवण्याची आशा जास्त. तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते.

आणखी एक. "तुमचं खातं फक्त वापरायला द्या, महिन्याला दोन हजार देऊ," असं कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. चोरीचा पैसा फिरवायला चोरांना अशीच साध्या माणसांची खाती लागतात. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

गटाच्या बैठकीत करून बघा

एक वही घाला. पाच रकाने आखा : तारीख व वेळ, फोनचा नंबर, त्यानं कोण असल्याचं सांगितलं, काय मागितलं, आपण काय केलं. महिनाभर जिला जिला असा फोन किंवा मेसेज येईल तिनं तो लिहायचा. जिला लिहिता येत नाही तिचा दुसरीनं लिहायचा. महिन्यानं सगळ्यांनी मिळून वही वाचा आणि या तीन प्रश्नांवर बोला :

१. एकच नंबर किंवा एकच बतावणी किती जणींच्या वाट्याला आली?

२. फोन कोणत्या दिवसांत जास्त आले? पगाराच्या, अनुदान जमा होण्याच्या, की सणाच्या?

३. पुढच्या महिन्यात काय होईल असं वाटतं, आणि त्यासाठी गावातल्या कुणाला आधी सांगून ठेवायला हवं?

गटातल्या बारावी झालेल्या मुलीकडे ही वही सोपवा. तिला हे काम आवडतं का, महिनाभरात तिचं तिलाच कळेल.